राजाची दाढी

शरदचंद्रांनी पुठ्ठ्याचा शेवटचा किरण मुकुटाला चिकटवला आणि मुकुट नातीच्या डोक्यावर ठेवला. किरण जरा वाकडाच बसला. जर्मनीत, लुडविग्सहाफेनच्या हॉस्पिटलातल्या खाटेवर, मागून बांधायच्या झग्यात, नऊ वर्षांची इरा तरीही राणीसारखी ताठ बसली.

"उंड दान?" तिने विचारलं. मग पुढे? इराला मराठी सगळं समजे, पण उत्तर यायचं ते जर्मनमध्येच. हे दोन शब्द आजोबांना आता पाठ झाले होते.

पुढे काय झालं, हीच तर पंचाईत होती. साताऱ्यात चौतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या या गृहस्थांनी, लेकीकडे आल्या आल्या, मोठ्या हौसेने नातीला सहाव्या अँटिओकसची गोष्ट सांगायला घेतली होती. दोन हजार वर्षांपूर्वीचा सीरियाचा ग्रीक राजा. गादीवर बसवला तेव्हा त्याचे दुधाचे दातही पडायचे होते. नाण्यावर त्याचं कोवळं तोंड आणि डोक्याभोवती सूर्याचे किरण. इराला तो इतका आवडला की लायब्ररीतून तिने त्याच्यावरची पुस्तकं आणली. आणि मग तिच्या टॉन्सिल्स काढायचं ठरलं, तेव्हा कुठे आजोबांना गोष्टीचा शेवट आठवला. मुलाच्या पोटात खडा झालाय असं खोटंच पसरवून सेनापतीने वैद्यांकडून, चाकूखालीच, त्याचा जीव घेतला होता. म्हातारबुवांनी आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला होता! गेला आठवडाभर ते राजाला शिकारीला पाठवत होते, हत्तीवर बसवत होते, पण वैद्याच्या दारापर्यंत काही जाऊ देत नव्हते.

त्यात परवा डॉक्टरीणबाईंनी इराला समोर बसवून, चित्र काढून, सगळं सांगितलं. कुठे कापणार, किती दुखेल, क्वचित रक्तही येतं.

"पोरीसमोर असं बोलतात का कुणी?" शरदचंद्र बाहेर येऊन लेकीवर, मैथिलीवर, उखडले होते.

"इथे असंच असतं, बाबा. तिचा घसा आहे, म्हणून तिलाच सांगतात."

आज सकाळी निघताना मैथिलीने देवाला हात जोडले आणि घाईत "जातो आम्ही" म्हणाली. शरदचंद्र बूट घालता घालता थांबले.

"जातो नाही. येतो म्हण."

"बाबा, ट्राम चुकेल."

"येतो म्हणणारा परत येतो. म्हण आधी."

ती मागे फिरून "येतो" म्हणाली. इरा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली होती.

"उंड दान, आजोबा?" आता खाटेवरून तिने पुन्हा विचारलं.

"मग ना," शरदचंद्रांनी घसा खाकरला, "राजाने खूप वर्षं राज्य केलं. म्हातारा झाला. ही एवढी पांढरी दाढी आली त्याला."

सनावळी चुकवणाऱ्या पोरांचे कान पिळणाऱ्या माणसाचे स्वतःचेच कान लाल झाले. इराने त्या कानांकडे पाहिलं आणि मुकुट सरळ केला.

नर्स आली आणि खाट ढकलत निघाली; मागोमाग मैथिली आणि शरदचंद्र. ऑपरेशन थिएटरच्या दारापासून पुढे घरच्यांना मज्जाव होता. इराने मुकुट काढून आजोबांच्या हातात दिला, त्यांना खाली वाकायला लावलं आणि शब्द जुळवत चक्क मराठीत म्हणाली,

"राजाला दाढी नाही आली. पुस्तकात आहे. डॉक्टरकडे मेला तो."

शरदचंद्रांचा चेहरा उतरला. "तुला ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही घाबरला असता."

त्यांनी तिच्या पायांवरची चादर उगाचच सारखी केली. तिने त्यांचा हात धरला.

"तो जातो म्हणाला असेल, आजोबा."

दार उघडलं. खाट आत सरकली, तशी इराने मान उचलून मागे पाहिलं.

"येते."

"ये," शरदचंद्र म्हणाले. "ये, बाळा."

दार लागलं. मैथिलीने भिंतीजवळची खुर्ची ओढून आणली.

"बसा ना, बाबा. तासभर लागेल."

"येते म्हणालीय ती," मुकुट छातीशी धरून ते म्हणाले, आणि उभेच राहिले.