ओढ्यापलीकडची अर्धी चाल

बाबा रोज संध्याकाळी अंगणात सिकूवर चाल वाजवायचे, आणि तीही अर्धीच. यात नवल काही नाही. सिकू म्हणजे आमच्याकडचा पावा; तिच्या वेताच्या नळ्या दोन माणसांत वाटलेल्या असतात. अर्धे सूर एकाकडे, उरलेले दुसऱ्याकडे. एकट्याने चाल पुरी करायची सोयच नाही. नवल हे, की बाबा दर सुरानंतर थांबायचे आणि गालातल्या गालात हसायचे.

"कुणाची वाट बघता?" मी घरातून, चुलीपासूनच विचारलं.

"श्वास घेतो. म्हातारा झालो आता."

साफ खोटं! उरलेले सूर होते निकासियोमामाकडे, ओढ्यापलीकडच्या घरात. इंकाच्या, म्हणजे आमच्या जुन्या राजाच्या, सणाला मिरवणुकीत इंकाचा मुकुट कुणी घालायचा, यावरून दोघांचं बिनसलं होतं. मुकुट तो काय, पत्र्याचा! पण तेव्हापासून बोलणं बंद, आणि सणाला 'इंकाची चाल' वाजणंही बंद. ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती. आमचे पणजे-खापरपणजे जिच्यावर नाचले, ती चाल या दोन हट्टी म्हाताऱ्यांबरोबर जाणार, या विचाराने माझा जीव तुटायचा.

एकदा चुकलेलं मेंढरू शोधत मी आमच्या घरामागच्या टेकाडावर चढले. खालून बाबांचा सूर आला. मग ओढ्यापलीकडून दुसरा. पुन्हा बाबांचा. मी मेंढरू विसरून तिथेच बसले. हे दोघे रोज जोडीने वाजवत होते, आणि मला घरात चुलीपाशी ते कधी ऐकूच आलं नव्हतं! मेंढरू आपणहून घरी गेलं. मी मात्र रोज टेकाडावर जायला लागले आणि चाल मला तोंडपाठ झाली.

सणाच्या आदल्या संध्याकाळी मी अंगणातच होते. बाबांनी पहिला सूर काढला. पलीकडून काहीच आलं नाही. पुन्हा फुंकलं. काही नाही. बाबांचा चेहरा उतरला. डोक्यावर टोपी न घालताच, हातातल्या सिकूसकट ते ओढ्याकडे निघाले. मी त्यांच्या मागे.

मामा चुलीपाशी बसला होता. जबडा फडक्याने बांधलेला, गाल टम्म सुजलेला.

"मला वाटलं, मेलास!" बाबा ओरडले.

"दाढ," मामा कण्हला. "फुंकता येत नाही."

"मग कळवायचंस तरी!"

"कसं? आपण बोलतो कुठे?"

बाबा समोरच्या कातड्यावर बसले. "यंदा तुला विचारणार होतो रे. उद्या सणाला जोडीने वाजवू या का म्हणून."

मामाने खुंटीवरची आपली सिकू काढली आणि माझ्या हातात दिली. "ही सातू वाजवेल. रोज टेकाडावर बसते कान देऊन. माझ्या दारातून दिसते की!"

"बायका सिकू वाजवत नाहीत," बाबा म्हणाले.

"मग तू वाजव दोन्ही."

लहानपणापासून मी बाबांची सिकू चोरून फुंकत आले होते, म्हणून धीर केला. बाबांनी सूर दिला, मी दिला. थोडं पुढे जाताच ते वैतागले. "अगं, प्रत्येक सूर उशिरा देतेस!"

"मी ऐकलं तसंच वाजवतेय."

"तिचं चुकलेलं नाही, मेलितोन," मामा फडक्यातून पुटपुटला. "माझ्या सुराला ओढा ओलांडून यायला तेवढा वेळ लागायचा."

बाबा उठले. बसायचं कातडं त्यांनी उचललं आणि मामाच्या गुडघ्याला गुडघा लागेल असं टाकलं. बाहीने डोळे पुसले.

"पहिल्यापासून घे, सातू," ते म्हणाले. "आता उशीर नको करूस."