माती दिलेला मेणाचा ठोकळा

मित्रांनो, मी मेणाचा एक जुना ठोकळा. काडेपेटीपेक्षाही लहान. माझे भाऊबंद मेणबत्तीत जाऊन निदान उजेड पाडतात. माझ्या पोटात भोरच्या इमामबीच्या गळ्यातल्या गाठीचा तुकडा आहे.

१९९९ साली पुण्याच्या एका दवाखान्यात तिची थायरॉइडची गाठ काढली. कॅन्सर निघाला. गाठीचा तुकडा मेणात बसवून मला घडवलं, अंगावर नंबर घातला, माझे पातळ काप काचेवर तपासले. मग रिपोर्टाबरोबर मला पिशवीत घालून इमामबीच्या नवऱ्याच्या, मौलालींच्या, हाती दिलं. "जपून ठेवा," एवढंच सांगितलं.

मौलालींनी जरा जास्तच जपलं. माणसाच्या अंगाचा तुकडा उघड्यावर ठेवू नये, त्याला माती द्यावी, असा त्यांच्याकडे रिवाज. त्यांनी मला कबरस्तानात कुंपणाजवळच्या बोरीखाली रीतसर पुरलं, दुवाही मागितली. एवढा मान आमच्यात कुणाला मिळाला नसेल. तक्रार इतकीच, की माझं काम अजून व्हायचं होतं.

पाच वर्षं गेली. मेणात पाणी शिरत नाही, म्हणून मी शाबूत. इमामबीच्या मानेत मात्र पुन्हा वाटाण्याएवढी गाठ आली. ती वेल्ह्याच्या बाजारात बांगड्या विकायची. तिची हाक तहसील कचेरीत ऐकू जायची.

पुण्याच्या त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजार जहाल असेल तर मोठं ऑपरेशन. त्यात आवाजाची नस दुखावू शकते. मवाळ असेल तर एवढीच गाठ काढू. पहिल्या तुकड्यातली प्रथिनं तपासली तर अंदाज येईल. ठोकळा कुठाय?"

मौलाली पंख्याकडे बघत म्हणाले, "कबरस्तानात."

"म्हंजी म्या थोडी आदीच पोचले व्हय?" इमामबी कडाडली. "अन् मला सांगायचं न्हाई?"

"तू घाबरली असतीस."

"आता लई धीर आलाय! जावा, उकरा!"

दोन खड्डे चुकले. कबरी खोदणारा शाकिर कुंपणाला टेकून बघत होता. "चाचा, लोकं हितं पोचवाया येत्यात. न्यायला आलेले तुमीच पयले."

तिसऱ्या खड्ड्यात मी सापडलो. रुमालात गुंडाळून, मांडीवर धरून मौलालींनी मला एसटीने पुण्याला नेलं. तिथे माझे नवे काप काढून त्यांवर औषधं घातली. भराभर वाढणाऱ्या पेशींतलं एक प्रथिन तपकिरी रंग धरतं. जितके डाग जास्त, तितका आजार जहाल असण्याची शक्यता जास्त.

माझ्यात डाग थोडेच निघाले.

"मवाळ दिसतोय," बाई म्हणाल्या. "नुसत्या या डागांवर मी गेले नसते, पण बाकीचे रिपोर्टही तेच सांगतायत. लहान ऑपरेशन करू. दर सहा महिन्यांनी मात्र यायचंच."

गाठ निघाली. आवाज आठवडाभर बसला आणि मग उठला तो उठलाच.

मित्रांनो, असा ठोकळा घरी आलाच तर त्याला माती देऊ नका. रिपोर्टाबरोबर डब्यात ठेवा, चुलीपासून लांब. आम्हाला फार काही ठाऊक नसतं. पण जे असतं ते विचारायला आम्ही हाताशी असावं लागतं.

मी आता रेशनकार्डाशेजारी स्टीलच्या डब्यात असतो. बाजाराला निघताना इमामबी रस्त्यावरून ओरडते, "अवो, डब्याचं झाकण लावलं का?"

झाकण घट्ट असतं. तरी मला शब्द न् शब्द ऐकू येतो.