ओझ्याचा रकाना

जाफराबादला राधेश्यामच्या कोचिंग क्लासमध्ये दर रविवारी दुपारी आम्ही चौघं फाशांचा खेळ खेळायचो. टेबलावर चौकटींचा कागद, त्यावर सोड्याच्या बाटल्यांची बुचं. एक बूच म्हणजे एक पात्र. खेळ राधेश्याम चालवायचा. मी, शीतल आणि कल्याण पात्रं. नियमांचं पुस्तक इंग्रजी, जाडजूड. ते मराठीत मी उतरवलं, डिक्शनरी घेऊन, आठ महिने बसून.

माझ्या पात्राचं नाव पाखऱ्या. चपळाई सतरा. एका पाळीत सहा घरं पळायचा. अकरा महिने जगवला होता मी त्याला, आणि आमच्या खेळात मेलेला परत येत न्हाई.

त्या रविवारी नाल्यात लांडग्यांनी घेरलं. मी म्हणालो, "पाखऱ्या सहा घरं मागं, टेकडीवर."

"तीन," राधेश्याम म्हणाला. "ओझं बघ तुझं. चाल निम्मी. वार चुकवायलाही चार वजा."

पाखऱ्याच्या नोंदींचा कागद बघितला. दोर, तंबू, मशाली, तिघांचं पाणी, शीतलची पेटी. सगळं माझ्याच रकान्यात. ह्या मोहिमेच्या पहिल्या दिवशी शीतल म्हणाली होती, "नागसेन, तू घे ना, तू चपळ आहेस." मी लिहून घेतलं. माझ्या आज्याला पाटलाची बोचकी उचलायला दम तरी द्यावा लागायचा. मी नुसत्या 'घे ना'वर उचललं.

"कल्याण, तुझा कागद दाखव."

चिलखत, ढाल, दोन तलवारी अंगावर, आणि ओझ्याचा रकाना कोरा. शीतलचाही कोरा.

"ह्यांचं कधी मोजलं?"

"ते भरतच न्हाईत, मी काय मोजू?" राधेश्याम हसला. "तू बराबर भरतो. नियम तूच लिहिलेत की."

"मंग टाकतो सामान खाली."

"टाक. त्यात तुझी पाळी गेली. पान चाळीस, तुझंच अक्षर."

खरंच होतं ते. लांडग्याचा वीस बाजूंचा फासा पडला, अठरा. ओझं नसतं तर वार बसायला वीस लागले असते. राधेश्यामनं पाखऱ्याचं बूच उचलून डब्यात टाकलं. लांडगे त्याला खाण्यात गुंतले, तेवढ्यात बाकीची दोन बुचं टेकडीवर.

"अय्या, दोर त्याच्याकडंच राहिला," शीतल म्हणाली. "कल्याण, तू आण ना."

"माझ्याकडं जागा न्हाई."

मी उठलो, माझी पानं गोळा केली.

"ने बिलकुल," राधेश्याम म्हणाला. "झेरॉक्स आहे आपल्याकडं."

कल्याण जीपपर्यंत सोडायला आला. आम्ही पाचवीपासून एका बाकावरचे. त्याला मनापासून वाईट वाटून राह्यलं होतं. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पुढच्या रविवारी नवं पात्र आण. ह्या बारीला चपळाई कमी ठेव, ताकद वाढव. मंग कितीही सामान असलं तरी तुला फरक पडणार न्हाई."

राधेश्यामचाही एवढा राग आला नव्हता. टेंभुर्णीची जीप भरत आल्ती. मी कल्याणचा हात खांद्यावरून काढला आणि जाऊन बसलो.