पावडरीची स्तुती

ताईच्या वेबसाइटवर फक्त डागांबद्दल लिहिलेलं असतं. शाईचे, गंजाचे, चहाचे, मेणाचे. वाचक भरपूर, उत्पन्न शून्य, आणि सर्व्हरचं भाडं मात्र नको त्या पाहुण्यासारखं दर महिन्याला हजर. यापुढे ते पदरचं भरावं लागलं तर दुकान बंद, असं ताईने जाहीर करून टाकलं होतं. साइटची तांत्रिक बाजू सांभाळणारा तिचा धाकटा भाऊ त्यामुळे कामाला लागला.

"धुण्याच्या पावडरीची एक कंपनी तयार आहे," तो म्हणाला. "जाहिरात कोपऱ्यात नाचणार नाही. तुझ्या लेखांच्या ओळीत लेखासारखीच बसेल. तसाच फोटो, तशीच अक्षरं. खाली बारीक 'प्रायोजित'."

"म्हणजे लग्नात न बोलावता जेवून जाणारा."

"बोलावलेला आहे गं. पाकीट देऊन जेवणारा."

ताईचे हात तेव्हा गंज लागलेल्या पडद्यासह बादलीत होते. "तूच लिही," ती म्हणाली. "मला कौतुक जमायचं नाही." आणि लिहिलेलं वाचायचं राहून गेलं.

धाकट्याने ताईच्या नावाने मन लावून लिहिलं. या पावडरीने ताईचं मन जिंकलं होतं. शाईसुद्धा पाहता पाहता नाहीशी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला.

"ताप मोजलास?"

"कसला ताप? मी ठणठणीत आहे."

"मग पावडरीबद्दल एवढं गोड कसं लिहिलंस? मुलगा पसंत आहे का विचारलं, तेव्हा नुसतं 'चालेल' म्हणाली होतीस. आणि पावडरीने मन जिंकलं?"

पलीकडे बसून पेपर वाचणाऱ्या 'चालेल'ने पान उलटलं.

ताईने साइट उघडली. लेखाखाली वाचकांची रांग लागली होती. ताई, बरं आहे ना? ताई, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करा. एका निवृत्त मास्तरांनी घरच्यांपैकी कुणाला कळवायचं का, असं विचारलं होतं. ताईला हसू आवरेना. मग ती खालच्या एका ओळीवर थांबली. एका शिंपीणबाईंनी लिहिलं होतं : गिऱ्हाइकाच्या शर्टावर शाई होती, पावडर वापरली, डाग हलला नाही. पण तुम्ही म्हणालात म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असेल.

ताईने ती ओळ पुन्हा वाचली.

"कंपनी खूश आहे हं," धाकटा चाचरत म्हणाला. "काळजीपोटी सगळ्यांनी क्लिक केलंय."

"काढ तो लेख."

"काढला तर पैसे जातील. मग साइटही."

"ही बाई स्वतःला दोष देतेय, गाढवा. काढ. पुढचा मी लिहिते."

तिने पावडर मागवून घरातलं एकही कापड सोडलं नाही. धाकट्याच्या अंगातला शर्टही उतरवून घेतला. मग लेख लिहिला. माथ्यावर ठळक अक्षरांत : हे पैसे घेऊन लिहिलं आहे. खाली : चहा जातो, मेण निम्मं जातं. शाईवर टाकाल तर पावडर वाया जाईल आणि शर्ट उगाच भिजेल. आधीच्या लेखात उलट लिहिलं होतं, ते खोटं होतं. शिंपीणबाई, तुमचं काही चुकलेलं नाही.

धाकट्याने तो कंपनीकडे पाठवला आणि मनातल्या मनात साइटचा निरोप घेतला.

संध्याकाळी कंपनीच्या साहेबांचा फोन आला. बराच वेळ ते नुसता घसा साफ करत होते. शाईचं वाक्य वरच्यांना आवडलेलं नाही, पण मागच्या वेळी इतक्या लोकांनी लेख उघडला, की त्यांना नाहीही म्हणवत नाही. तेव्हा तेवढं राहू दे. फक्त माथ्यावर 'पैसे घेऊन'च्या ऐवजी 'मानधन घेऊन' असं करता येईल का? जरा बरं दिसेल.

धाकट्याने फोनवर हात ठेवून ताईला विचारलं.

"मानधन भाषणाला देतात," ताई कापड पिळत म्हणाली. "मी धुणं धुतलंय. पैसेच लिही."