करवतीचं झाकण

“थांबा पाळकसाहेब. हात कुणी ठेवायचा म्हणालात? याजकानं की पाप करणाऱ्यानं?”

बायबलच्या वर्गातली आठ-दहा डोकी मागे वळली. शेवटच्या बाकावरचा खाटीक एरवी तोंडातून चकार शब्द काढत नसे.

“पाप करणाऱ्यानं,” पाळक म्हणाले. “कोकराच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि स्वतःच ते कापायचं. रक्त वेदीला लावणं याजकाचं काम. पुढे येशूच आपलं कोकरू झाला. एकदाच, सगळ्यांसाठी.”

“पण कोकराला कोण विचारतंय?”

“कुणीच नाही. येशू मात्र आपणहून गेला.”

खाटकाच्या डोक्यात नुसता घोळ झाला. सत्तावीस वर्षं तो कत्तलखान्यात मेंढ्यांच्या डोक्यावर हात ठेवत आला होता, पण तो त्या शांत उभ्या राहाव्यात म्हणून. पापबिप त्याच्या गावीही नव्हतं. त्याचा दोष एकाच्या डोक्यावर गेला होता खरा, पण ते काही मेंढरू नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. हाडं कापायची करवत त्या दिवशी आधी भावोजींनी धुतली, मग ते बाहेर गेल्यावर ह्यानं पुन्हा. भावोजी म्हणजे ताईचा नवरा. त्यांनीच ह्याला कामाला लावलेलं. धुतल्यावर झाकण बसवायचं ह्याच्याकडून राहिलं. भावोजींनी करवत सुरू केली आणि उजव्या हाताची चार बोटं गेली. साहेबांनी विचारलं तेव्हा भावोजीच म्हणाले, “मीच विसरलो असेन.” आणि हा पठ्ठ्या मूग गिळून बसला. भावोजींची नोकरी गेली, ह्याची राहिली.

वर्ग सुटल्यावर त्यानं हे सगळं पाळकांना सांगून टाकलं. “येशूनं माझं पाप घेतलंय, तर मग मला झोप का लागत नाही?”

पाळकांनी चष्मा पुसला. “बोललात कधी?”

“देवाशी? रोज.”

“देवाशी नाही हो. भावोजींशी.”

तो तडक ताईकडे गेला. भावोजी डाव्या हातानं मटार सोलत बसले होते.

“भावोजी, त्या दिवशी झाकण माझ्याकडून राहिलं होतं.”

भावोजी आधी हसले. मग त्यांचं हसू थांबलं. “तुला हे केव्हापासून माहीत आहे?”

“तेव्हापासूनच.”

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. “अकरा वर्षं मी प्रार्थना करतोय रे. देवा, माझ्या निष्काळजीपणाची क्षमा कर. तुझ्या ताईचे हाल केले, त्याची क्षमा कर. आत्ता कुठे गेल्या वर्षी वाटलं, मिळाली. किती हलकं वाटलं होतं.” ते आपल्या थोट्या पंज्याकडे बघत राहिले. “मग ती मिळाली कुणाला?”

खाटकाला रडू फुटलं. “मला माफ करा, भावोजी.”

“थांब जरा. आधी मला देवाकडे माझी क्षमा मागू दे.”

ताई चहा घेऊन आली आणि दोघांचे चेहरे बघून दारातच थबकली. भावोजी उठले, आपला कप घेऊन आतल्या खोलीत गेले. दार त्यांनी खांद्यानं लोटलं. कडीचा आवाज काही आला नाही. त्यांना ती लावायची नव्हती, की हातात कप होता म्हणून लावता आली नाही, हे खाटकाला कळेना.