चौदा तास उजेड

"वन्सं, तुमच्या बायांनी आज तरी काही कृपा केली का?" अंगण झाडता झाडता वहिनीनं विचारलं.

धाकटी पिंजऱ्याखालचा पत्रा खरवडत होती. हे रोजचंच होतं. वहिनीचा झाडू थांबायचा नाही आणि धाकटीची मान वर व्हायची नाही, कारण उत्तर दोघींनाही ठाऊक असायचं.

"आज नाही."

"आज नाही, काल नाही, परवा नाही! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खायला मात्र बाया तरबेज."

बाया म्हणजे लाव्ह्या. चाळीस माद्या आणि दहा नर, मुठीएवढी ठिपक्याठिपक्यांची पाखरं. पाखरवालीनं देताना छातीला हात लावून सांगितलं होतं, आठवड्याभरात घालायला लागतील. त्याला आता पाच आठवडे झाले. नर गळा काढून ओरडायचे, माद्या भुशात लोळायच्या, खाद्याचा डबा दुपारपर्यंत चाटूनपुसून साफ. अंडं म्हणाल तर औषधालाही नाही.

नवरा गेला तेव्हा, दीड वर्षापूर्वी, धाकटी बापाच्या घरी परत आली. बापाचं घर म्हणायचं, होतं भावाचं. तिला जा असं कुणी म्हटलं नव्हतं. पण वहिनीची मावशी दोन दिवसांच्या वाटेवर अंगावरून वारं जाऊन पडली होती. आईविना वहिनीला त्या मावशीनंच लहानाचं मोठं केलेलं, आणि आता तिचं हगणंमुतणं काढायला माणूस नव्हतं. इथं घरात एक बाई मोकळी. वहिनी तरी काय वावगं बोलत होती? तिच्या जागी तुम्हीआम्ही असतो तर हेच बोललो असतो. फक्त एकदा तिथं गेलं की परत कधी यायचं, हे कुणी सांगत नव्हतं. आणि बाप ऐंशीला टेकला होता.

दादानं मधला मार्ग काढला होता. "पाखरं चालू झाली तर खाणावळवाला अंडी उचलेल. त्यातून मावशीपाशी एखादी बाई ठेवू. तू इथंच राहा, बाबांजवळ. पण येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत, धाकटे. मग पाखरं मटणवाल्याला आणि तू मावशीकडे."

बाजार उद्यावर आला होता.

तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? शिंपले कुटून खाद्यात मिसळले. उंदरांची बिळं चिखलानं लिंपली. वारा बोचतो म्हणून पिंजऱ्याला गोणपाटाचे पडदे शिवले. आणि दिवा. पाखरवालीनं बजावलं होतं, "लाव्ही उजेडावर घालते, बाई. चौदा तास उजेड, त्यात खाडा नको. थंडीत दिवस अकरा तासांचा, वरचा उजेड तू द्यायचास." म्हणून पहाटे पाचला ती दिवा लावायची आणि गवळ्याच्या गोठ्यावर धारा काढायला जायची. दुपारी चारला पुन्हा जाताना पुन्हा लावायची, सातला आल्यावर मालवायची. ती नसताना दिव्यावर लक्ष ठेवायचं काम बापाकडे.

"बाबा, सूर्य चांगला वर आल्याशिवाय दिव्याला हात लावायचा नाही हं."

"नाही गं. मी काय खुळा आहे?"

त्या दिवशी थंडीनं ढेकळंसुद्धा दगडासारखी झाली होती. गोठ्यात एक गाय अडली, गवळी तिच्यामागं लागला आणि त्यानं धाकटीला सहालाच घरी पाठवलं. दिवस बुडून गेला होता. कुडाजवळ येऊन तिनं पाहिलं तर पाखरांच्या खोपटात अंधार. दिवा उडाला, दुसरं काय, असं मनाशी म्हणत, अंधारात पाखरं बिचकू नयेत म्हणून तिनं चपला हातात घेतल्या आणि ती आत शिरली.

गोणपाटाचे पडदे खालपर्यंत सोडलेले. समोर पालथ्या घमेल्यावर म्हातारा बसलेला, आणि हलक्या आवाजात म्हणत होता, "निजा गं, निजा. कुणी येत नाही."

"बाबा?"

तो दचकला. हात आधी बटणाकडे गेला. "लावतो, लावतो. आत्ताच..."

"कधीपासून करताय हे?"

दिवा लागला. म्हातारा ओशाळं हसला. "रागावू नकोस, पोरी. तू बाहेर पडलीस की मालवतो, तुझ्या चपला वाजल्या की लावतो. आज वाजल्याच नाहीत. अगं, जन्म बैलांत गेला माझा. नीज मोडलेलं जनावर अंग धरत नाही. आणि सूनबाई त्या दिव्यावरून कुरकुरते, तुला बोलणी कशाला? हे बघ, किती स्वस्थ बसल्यात. अशा स्वस्थ राहिल्या की घालतील, आणि मग तुला कोण घालवतंय?"

धाकटीला राग आला. असा आला की त्या घमेल्यासकट म्हाताऱ्याला उचलून बाहेर ठेवावं. पाच आठवडे! तिनं शिंपले कुटून हाताची सालटी काढली, पाखरवालीला मनात शिव्या घातल्या, आणि घरचाच माणूस रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्यावर पाणी ओतत होता. मग तिची नजर त्याच्या पायांकडे गेली. अनवाणी होता. पावलांच्या आवाजानं पाखरांची नीज मोडायला नको म्हणून.

"काय झालं गं? चुकलं का काही?"

"नाही, बाबा. चला आत, गारठाल."

दादा हातपाय धुऊन बसला होता. वहिनी चुलीशी, म्हातारा कोपऱ्यात. धाकटीनं उभ्याउभ्याच विचारलं, "दादा, अजून पंधरा दिवस देशील?"

"कशाच्या जोरावर? मागच्या महिन्यात म्हणालीस थंडी कमी होऊ दे. मग म्हणालीस खाद्य बदलते. आता काय?" दादा माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "खरंच काही कारण असेल तर सांग. देतो पंधरा दिवस."

"दे रे तिला," कोपऱ्यातून म्हातारा म्हणाला आणि लेकीकडे पाहून त्यानं मान हलवली, बोल म्हणून.

वहिनीचा हात चुलीशी थांबला. पावसाळ्यात म्हाताऱ्यानं धान्याच्या कोठीचं झाकण उघडं टाकलं होतं, दोन पोती भिजली होती. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक ताटाबरोबर ती दोन पोती वाढली जायची. एक वाक्य बोललं की धाकटीला पंधरा दिवस मिळणार होते. म्हाताऱ्याला मात्र ते वाक्य मरेपर्यंत जेवावं लागलं असतं. आणि सुनेच्या बोलण्याचं सोडा, आपणच लेकीला घराबाहेर काढत होतो हे त्याला कळलं असतं तर त्यानं अन्नच सोडलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

"कारण काही नाही," ती म्हणाली. "पाखरंच तसली निघाली."

"मग संपलं," दादा म्हणाला. वहिनीनं ताटं घेतली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच धाकटीला आपल्या हातानं वाढलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मटणवाला आला. त्यानं पाखरं पाय धरून धरून दोन टोपल्यांत भरली, वर जाळी बांधली आणि निघून गेला. त्याला घाई होती. धाकटी बोचकं घेऊन बाहेर आली तर म्हातारा रिकाम्या पिंजऱ्यासमोर उभा. डोळे भरलेले आणि तोंड चालू.

"पोटच्या पोरींसारखं निजवलं मी यांना. एक दिवस चुकलो नाही. मेल्यांना एक अंडं घालायला काय धाड भरली होती?"

"थंडीच फार होती, बाबा." तिनं वाकून त्याच्या पायांत वहाणा सरकवल्या.

"तेच म्हणतो मी," म्हातारा डोळे पुसत म्हणाला. "अजून एक गोणपाट हवं होतं."