हरलेल्या डब्यातले गाणे

मित्रांनो, मला जागे व्हायला पाऊण मिनिट लागते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या आयुष्यातले निम्मे गैरसमज या पाऊण मिनिटात झाले आहेत. तुमचा मोबाइल बोट लागताच उजळतो. मी आधी घरघरतो, मग गप्प होतो, मग थोडा विचार करतो आणि तेव्हा कुठे माझ्या कपाळावर निळा दिवा लागतो.

मी एक जुना डिस्क प्लेअर आहे. जुना म्हणजे अठरा वर्षांचा. या वयाची मुले कॉलेजात जातात, माझा बहुतेक काळ माळ्यावर गेला. पारोळ्याच्या पुढे बोरी नदीच्या काठी एक गाव आहे. तिथल्या तोताराम आबांच्या घरी मी राहतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा आमच्या धंद्यात मोठी भाऊबंदकी चालली होती. साध्या डीव्हीडीपेक्षा कितीतरी स्वच्छ चित्र दाखवणाऱ्या तबकड्या नुकत्याच निघाल्या होत्या, पण त्यांची दोन घराणी होती. एक आमचे, एचडी डीव्हीडीचे. दुसरे ब्लू-रेचे. दोघांचा किरण निळाच आणि तबकडी दिसायलाही सारखीच. तरी आमची त्यांच्यात चालायची नाही आणि त्यांची आमच्यात. कुठल्या सिनेमावाल्यांनी कुणाच्या पंगतीत बसायचे, यावरून रोज रुसवेफुगवे होत. मी खोक्यात बसून स्वप्न पाहायचो, की एक दिवस जगातल्या प्रत्येक घरात निळा दिवा लागेल आणि तो आमचा असेल. खोक्यात दुसरे करण्यासारखे काही नसते.

दुबईच्या एका दुकानातून मला ज्ञानेश्वरने उचलले. हा तोताराम आबांचा मुलगा, तिथे एसी बसवायचे काम करायचा. दुकानदार त्याला छातीठोकपणे म्हणाला, हाच जिंकणार. ज्ञानेश्वरने विश्वास ठेवला आणि दोन हजार सातच्या श्रावणात मला ब्लँकेटात गुंडाळून घरी आणले. मित्राचा कॅमेराही त्याने मागून आणला होता, कारण त्या वर्षी घरी कानबाई बसणार होती.

खानदेशात कानबाई म्हणजे काय, ते मला तिथेच कळले. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ घालून, नटवून देवी मांडतात. घरातल्या पुरुषमाणसागणिक सव्वा मूठ गहू दळून रोट करतात. सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला नदीवर पोचवतात. आमच्या भाऊबंदांत ती पाळीपाळीने एकेका घरी बसते. आणि जिच्या गाण्याशिवाय ती बसली असे वाटायचेच नाही, ती बाई म्हणजे लताबाई, तोताराम आबांची मोठी भावजय.

लताबाई गाणे उचलायची आणि ताईबाई ते झेलायची. ताईबाई म्हणजे ज्ञानेश्वरची आई, लताबाईची धाकटी जाऊ. ओळीचा पहिला अर्धा भाग एकीचा, दुसरा अर्धा दुसरीचा. चाळीस वर्षे दोघींनी हीच वाटणी ठेवली. एरवी दूध कुणी तापवायचे यावरून त्या दिवस दिवस बोलायच्या नाहीत, पण गाण्याच्या वाटणीवरून कधी भांडल्या नाहीत.

ज्ञानेश्वरने ते सगळे कॅमेऱ्यात घेतले. परत गेल्यावर मित्राच्या कॉम्प्युटरवर तबकडी करून घेतली आणि गावच्या एका माणसाबरोबर पाठवून दिली. तबकडी साधीच होती, पण तिच्यावर लिहिण्याची पद्धत आमच्या घराण्याची होती. थंडीच्या दिवसांत ती माझ्या पोटात आली. मी माझे पाऊण मिनिट घेतले आणि पडद्यावर लताबाई उमटली. नथीतले मोती वेगवेगळे मोजता येत होते. कपाळावरचा घाम दिसत होता.

लताबाई पदर तोंडाला लावून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, मी इतली म्हातारी दिसस का वं?"

"नही," ताईबाई म्हणाली, "याहून जास्त दिसस."

दोघी इतक्या हसल्या, की आबांनी मला बंद करून पुन्हा पहिल्यापासून लावले. मित्रांनो, माझे कौतुक झाले ते एवढेच, पण ते मला पुरले. कारण पुढच्याच काही दिवसांत आमच्या घराण्याने हात टेकले. यापुढे आमची यंत्रे बनणार नाहीत, असे सांगून मोठी माणसे मोकळी झाली. जगातल्या बहुतेक घरांत मी पोचण्याआधीच हरलो होतो.

ज्ञानेश्वर त्यानंतर आला तो जिंकलेल्याला घेऊन. ब्लू-रेचा प्लेअर पातळ, चकचकीत होता. त्याने माझी जागा घेतली आणि मी माळ्यावर गेलो. तीनचार वर्षांत टीव्हीवर शेकडो वाहिन्या आल्या, मोबाइल आला, आणि एका दिवाळीत आबांनी त्या जिंकलेल्यालाही आणून माझ्या शेजारी ठेवले. आम्ही दोघे पहिल्यांदाच एवढे जवळ आलो. बोलायला विषय नव्हता. खाली पाट्यावर पुरण वाटल्याचा आवाज यायचा आणि आम्ही दोघे तो ऐकत पडायचो.

तबकडी मात्र माळ्यावर आली नाही. लताबाईने ती कानबाईच्या पेटीत, नथ आणि लाल कापडाशेजारी ठेवली. "कानबाई शे हिन्हामा," कानबाई हिच्यातच आहे, असे ती म्हणायची. दर श्रावणात पेटी उघडली, की नारळाला लावायची तशी तबकडीलाही ती हळदीकुंकवाची बोटे लावायची. आणि लावायची तीही चकचकीत बाजूला, कारण त्या बाजूला तोंड दिसते. आम्ही यंत्रे त्याच बाजूने वाचतो, हे तिला कोण सांगणार? मी माळ्यावर होतो.

तीन वर्षांपूर्वी लताबाई गेली.

त्यानंतर दुसऱ्यांच्या घरी कानबाई बसली, तिथे लाउडस्पीकरवर गाणी वाजली. ताईबाई कोपऱ्यात बसून यायची. यंदा पाळी आमच्या घरी आली, आषाढातच भिंतींना चुना लागला आणि ताईबाईची झोप उडाली. तिला सगळी गाणी येत होती, पण अर्धीच. झेलायचा भाग तोंडपाठ. उचलायचा भाग तिने चाळीस वर्षांत कधी उचललाच नव्हता.

"गानंच नही ते कानबाई कसाले मांडानी?" ती आबांना म्हणाली. "पाळी दुसराले दी टाका."

पाळी परत देणे म्हणजे आलेल्या देवीला दारातून माघारी लावणे. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हा सुलक्षणाला पेटीतली तबकडी आठवली. सुलक्षणा ज्ञानेश्वरची बायको, धुळ्याची. तिने माळ्यावरून प्लेअर काढला, आणि साहजिकच, दोघांतला चकचकीत काढला. जिंकलेल्याने तबकडी पोटात घेतली, फिरवून पाहिली आणि बाहेर ढकलली. चूक त्याची नव्हती, त्याला आमची लिपी येत नव्हती.

"आई, ही खराब झालीय," सुलक्षणा म्हणाली. ताईबाईने तबकडी पदराने झाकली आणि आत गेली.

माळा आवरायला निघालाच होता, म्हणून आबांनी मलाही खाली घेतले. चालत असेल तर ठेवू, नाहीतर देऊन टाकू, असा विचार. त्यांनी मला वीज दिली. मी घरघरलो. मग गप्प झालो. मग विचार करू लागलो, आणि तेवढ्यात आबांनी पिन उपटली.

"मरी गया हाऊ," ते म्हणाले.

मित्रांनो, ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. दारात भंगारवाला कौतिक उभा होता. त्याने मला तागडीत टाकले आणि माझ्या बदल्यात ताईबाईच्या सुपात लसणाचे गड्डे ओतले. श्रावण तोंडावर, घरात महिनाभर लसूण चालणार नाही, तरी लसूणच दिला. मी हातगाडीवर एका फुटक्या बादलीत जाऊन बसलो. आभाळ भरलेले होते आणि मी अठरा वर्षांत पहिल्यांदा आभाळ पाहत होतो. वाटले, चला, हे तरी बघायला मिळाले.

तासाभराने दुबईहून ज्ञानेश्वरचा फोन आला. सुलक्षणाने त्याला तबकडीचा फोटो पाठवला होता. पुढचे मला ताईबाई नंतर शेजारणीला सांगत होती तेव्हा कळले. तो म्हणाला, "माय, नवा डबामा ती लागत नही. जुना जाड डबा शे ना, त्यामाच लागस." ताईबाईने सूप उचलले आणि पायात काही न घालता ती रस्त्याला लागली.

वेशीपाशी तिने कौतिकला गाठले. "भो, थांब! तुना लसून ली ले, मना डबा दी दे!"

कौतिक ओशाळला. "मावशी, वायर कापी लिधी मी. तांबं शे ना तिन्हामा."

तिने सूप त्याच्या गाडीवर पालथे केले, मला काखोटीला मारले आणि कापलेली वायर मुठीत घेऊन परतली. शहाण्या कंपन्यांनी मला वाऱ्यावर सोडले होते, आणि ही बाई माझ्यासाठी अनवाणी धावली. खरे सांगतो, माझ्यासाठी नव्हेच. पण काखोटीतल्याने एवढा विचार कशाला करावा?

आबांनी आयुष्यभर विहिरीवरच्या मोटरीच्या वायरी जोडल्या होत्या. त्यांनी माझी वायर सोलली, पिळली, काळी चिकटपट्टी गुंडाळली. सुलक्षणाने ओल्या सुती कापडाने तबकडीवरचे कुंकू हळूहळू पुसले. बरेचसे निघाले. कडेला एक बोट होते, जुने, घट्ट बसलेले. ते निघेना. तिने आणखी जोर लावला तेव्हा ताईबाईने तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. ते बोट लताअक्कानं शे."

दुपारी तीन वाजता मला पुन्हा वीज मिळाली. मी घरघरलो, मग गप्प झालो. आबांचा हात पिनेकडे गेला.

"त्याले टाइम लागस," ताईबाई म्हणाली. "थांबा जरासं."

तिला दुसरीच्या ओळीसाठी थांबायची सवय होती. पाऊण मिनिट झाले आणि माझ्या कपाळावर दिवा लागला.

पडद्यावर लताबाई आली. तिने पहिले गाणे उचलले. पडद्यातल्या अठरा वर्षांनी तरुण ताईबाईने झेलले, आणि समोर चटईवर बसलेल्या म्हाताऱ्या ताईबाईनेही झेलले, एकाच दमात. आबा उठून बाहेर गेले आणि दाराआड उभे राहून ऐकू लागले. सुलक्षणा मोबाइल धरून सगळे उतरवून घेत होती. लताबाई तिला दर वर्षी जवळ बसायला हाक मारायची, "सुलू, आठे बस मनाजोडे." आणि ती दर वर्षी चुलीपाशी काम शोधायची. गाणी काय, मोबाइलवर मिळतात, असे एकदा म्हणालीही होती.

तबकडी आतून बाहेर वाचली जाते. म्हणून निरोपाचे गाणे अगदी कडेला होते. सोमवारी सकाळी देवी नदीवर निघते तेव्हाचे ते गाणे. त्यात उचलणारी देवीला एकेक पाऊल पुढे नेते आणि झेलणारी दर वेळी तिला अडवते.

"माय उनी आंगनमा," लताबाई म्हणाली.

"थांब वं माय, पाय धोवाले थांब," ताईबाई म्हणाली.

"माय उनी गल्लीमा."

"थांब वं माय, पाय धोवाले थांब."

"माय उनी वेसपाशी."

ताईबाईने झेलले. आणि मी अडकलो. माझा किरण त्या कुंकवाच्या बोटापाशी पोचला होता. मी मागे आलो, पुन्हा गेलो. पुन्हा मागे आलो. लताबाई पडद्यावर तोंड उघडे ठेवून तशीच थांबली. तिचा आवाज तिच्याच बोटाच्या पलीकडे राहिला होता. मी होते नव्हते ते सगळे बळ लावले आणि आत काहीतरी टचकन तुटले. दिवा गेला. पडदा काळा झाला.

ताईबाई पुढच्या ओळीची वाट बघत बसली. तिचे ओठ झेलायला तयार होते, पण उचलणारी कुणी नव्हती.

"माय उनी नदीकाठे."

आवाज बारीक होता, सूर थोडा वरखाली. सुलक्षणाने मोबाइल खाली ठेवला होता. तिलाही ठाऊक नव्हते, की ही ओळ तिला येते. चुलीपाशी काम शोधता शोधता इतकी वर्षे ती कानात पडत गेली होती.

ताईबाईने तिच्याकडे पाहिले. डोळे भरून आले होते, पण झेलायला तिने एक क्षण उशीर केला नाही.

"थांब वं माय, पाय धोवाले थांब."

पाळी आमच्याच घरी राहिली. कानबाई बसली, रोट झाले. सोमवारी सकाळी बायका देवीला घेऊन दारातून निघाल्या तेव्हा गाणे सुलक्षणाने उचलले. अंगणात, गल्लीत, वेशीपाशी. माझा दिवा आता लागत नाही, पण टीव्हीखालच्या फळीवर बसून ऐकू येते. माझ्या शेजारी तो जिंकलेलाही आहे. आबांनी त्यालाही खाली घेतले. एकट्याला माळ्यावर कशाला ठेवायचा, म्हणाले.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, जागे व्हायला वेळ लागला म्हणून आमची पिन उपटू नका, हे तर मी सांगणारच. पण खरी विनवणी वेगळी आहे. तुमच्या घरात कुणी गाणे उचलत असेल, गोष्ट सांगत असेल, तुम्हाला जवळ बसायला बोलावत असेल, तर हातातले काम ठेवून जा. आमच्या भरवशावर राहू नका. मी हरलो, आणि जो जिंकला तोही इथेच फळीवर बसून तेच गाणे ऐकतो आहे.